जाम नट आणि मिस्त्रीचा हिशेब
जुन्या मोटरसायकलच्या इंजिनावर जोर कमी आणि सब्र जास्त का लागतो

जुन्या मोटरसायकलचे इंजिन उघडणाऱ्या मिस्त्रीची कमाई नट किती लवकर सुटला यावर ठरत नाही. तो शाबूत सुटला की मोडून आला, यावर ठरते. नट-बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पण तो ज्या केसमध्ये, हेडमध्ये किंवा ब्लॉकमध्ये अडकलेला असतो, तो भाग बाजारात मिळेलच याची खात्री नसते. ही गोष्ट धंद्यात मुरलेल्या प्रत्येक कारागिराला ठाऊक आहे. तरीही रोज कुठल्या ना कुठल्या गॅरेजमध्ये घाईत स्टड मोडतो, आटे जातात, आणि दिवसभराची मजुरी खरादवाल्याच्या खिशात जाते. म्हणून या लेखात जाम आट्यांचाच हिशेब मांडला आहे. विषय लहान दिसतो. पण ज्यांची रोजी पान्यावर चालते त्यांच्यासाठी तो लहान नाही.

हे काम पुन्हा का आले?

मैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१ पासून जावा आणि नंतर येझदी गाड्या बनत होत्या. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. यामाहाची आर.एक्स. १०० ही १९८५ ते १९९६ एवढीच वर्षे बनली. मद्रासला १९५५ पासून तयार होणारी बुलेट आजही बनते, पण तिचे बिडाच्या ब्लॉकचे जुने इंजिन केव्हाच इतिहासजमा झाले. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये बाजारात परत आले, हे खरे. मात्र त्या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या आहेत. त्यांचे इंजिनाचे भाग जुन्या टू-स्ट्रोक येझदीला उपयोगी पडत नाहीत.

दुसरीकडे, या जुन्या गाड्या दुरुस्त करून घेणारे गिऱ्हाईक वाढले आहे. कोणाला वडिलांची गाडी पुन्हा चालू करायची असते, कोणाला हौस असते. आपल्या कोकणपट्ट्यात तर अशा कितीतरी गाड्या पडवीत किंवा वाड्याच्या मागे झाकून ठेवलेल्या सापडतात. मालक आखातात नोकरीला गेला, गाडी दहा-पंधरा वर्षे जागची हलली नाही, आणि आता मुलगा ती गॅरेजवर आणून म्हणतो, "चाचा, अब्बांची गाडी आहे, चालू करून द्या." अशा गाडीचे पहिले भांडण कार्बोरेटरशी किंवा मॅग्नेटशी नसते. पहिले भांडण असते ते जाम नटाशी.

यात कागदपत्रांचाही प्रश्न आहे, आणि तिकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. इंजिनाचा नंबर हा केसवर ठोकलेला असतो आणि तोच आर.सी. बुकात लिहिलेला असतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीस न्यावी लागते आणि नंबर जुळवून पाहिला जातो. केस फुटली आणि दुसरी बसवली, की नंबर बदलला; मग आर.टी.ओ.ची रीतसर परवानगी आणि खेटे आले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले; त्यातही गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी व इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. म्हणजे मोडलेला एक स्टड गिऱ्हाईकाला थेट कचेरीच्या दारात उभे करू शकतो. चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे केस मिळेलही, पण तिच्यावर दुसऱ्याच गाडीचा नंबर असतो, हे विसरून चालत नाही.

आटे जाम का होतात?

इलाज करण्याआधी रोग ओळखावा लागतो. आटे जाम होण्याची कारणे प्रामुख्याने चार आहेत.

पहिले कारण गंज. लोखंडावर लोखंड बसलेले असेल तर ओलाव्याने गंज चढतो. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधली केसाएवढी फट तो भरून टाकतो आणि नटाला आतून आवळतो.

दुसरे कारण दोन धातूंचे वैर. इंजिनाची केस ॲल्युमिनियमची, स्टड पोलादाचा. मध्ये ओलावा आला, त्यातही समुद्राकडची खारी हवा असली, की ॲल्युमिनियम झिजू लागते आणि आट्यांत पांढरी भुकटी साचते. ही भुकटी तेलात विरघळत नाही. म्हणूनच केसमधल्या स्टडवर नुसते तेल टाकून काम होत नाही.

तिसरे कारण आच. सायलेन्सरच्या बाजूचे नट रोज तापतात, रोज थंड होतात. टू-स्ट्रोक गाडीत तिथे न जळलेले तेलही झिरपते आणि भाजून त्याचा कडक कार्बन होतो. हा कार्बन सिमेंटसारखे काम करतो.

चौथे कारण माणसाचा हात. कोणीतरी पूर्वी नट गरजेपेक्षा जास्त आवळला, किंवा आटे तिरके धरून पान्याने तसाच चढवला. इथे गंज नसतो; धातूच धातूत रुतलेला असतो. असा नट तेलाने मऊ होत नाही.

तांबूस गंज, पांढरी भुकटी, काळा कार्बन की तिरके आटे, एवढे पाच मिनिटे डोळ्यांनी पाहिले तर पुढची निम्मी चूक टळते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट पाहावी: आटे उलटे तर नाहीत? सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे पोराटोरांना माहीत असते. मोटरसायकलच्या इंजिनातही काही नट असेच उलट्या आट्यांचे असतात. फिरणारा भाग चालताना स्वतःहून सैल होऊ नये म्हणून तशी योजना असते. अशा नटाला आपण सोडतो आहोत असे समजून जोर लावणे म्हणजे तो आणखी आवळणे. क्लच आणि दातरीच्या नटाला हात घालण्यापूर्वी त्या मॉडेलची माहिती पुस्तकातून किंवा जाणत्या उस्तादाकडून करून घ्यावी.

तेल आणि रात्र

पहिला इलाज सर्वांत स्वस्त आहे, आणि म्हणूनच बहुधा टाळला जातो. प्रथम तारेच्या ब्रशने उघडे दिसणारे आटे स्वच्छ करावेत. मातीचा आणि जुन्या रंगाचा थर असेल तर तेल आत जाणार कसे? मग झिरपणारे तेल थेंब थेंब सोडावे. बाजारात यासाठी खास गंज-सोडवणी तेले मिळतात. डब्ल्यू-डी ४० घराघरात पोचले आहे. पण त्याच्या नावातली इंग्रजी अक्षरे 'पाणी हटवणे' या अर्थाची आहेत. १९५३ मध्ये ते त्यासाठीच तयार झाले. हलक्या गंजाला ते चालते, जुन्या दुखण्याला खास तेलच बरे. काही मिस्त्री ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन समभाग मिसळून वापरतात. हे मिश्रण टिकून राहत नाही, वापरताना दर वेळी हलवावे लागते. शिवाय ॲसिटोन चटकन पेट घेते आणि टाकीचा रंग उतरवते. ते वापरायचे तर उघड्यावर, आगीपासून दूर.

तेल टाकल्यावर नटाच्या डोक्यावर आणि बाजूंनी हातोडीने हलके ठोके द्यावेत. ठोक्याने नट तोडायचा नसतो. आतला गंज तडकवून तेलाला वाट करून द्यायची असते. ठोके दिले, की गाडी सोडून दुसऱ्या कामाला लागावे. संध्याकाळी पुन्हा तेल, पुन्हा ठोके, आणि रात्रभर तसेच. सकाळी पुन्हा एकदा.

यात मिस्त्रीचा स्वतःचा वेळ किती गेला? दर खेपेला दहा मिनिटे धरली तरी अर्धा तास. उरलेले काम रात्रीने फुकट केले. उलट, तुटलेला स्टड काढायला अर्धा दिवस तर सहज जातो, त्यावर ड्रिल, टॅप आणि खरादवाल्याची मजुरी वेगळी. बसून राहण्याचा खर्च आणि मोडण्याचा खर्च यांची अशी तुलना केली, तर सब्र हा केवळ चांगला गुण नसून धंद्यातला शुद्ध नफा आहे हे पटेल.

तेजाब आणि कॉस्टिक सोडा मात्र इंजिनाजवळ आणू नयेत. कापडाच्या धंद्यातल्या लोकांना कॉस्टिकची ताकद माहीत आहे. लोखंडाला तो फारसे काही करत नाही, पण ॲल्युमिनियम अक्षरशः खातो. तेजाब गंज काढतो आणि सोबत केसही पोखरतो.

पान्याचा हिशेब

पाना नटावर घट्ट बसला पाहिजे. जाम नटावर फिक्स पाना किंवा स्लायडिंग पाना लावणे म्हणजे त्याचे कोपरे गोल करण्याची तयारी. सहा कोनांचे सॉकेट किंवा चांगला रिंग पाना हवा. जुन्या बुलेटमध्ये काही ठिकाणी इंग्रजी मापाचे नट असतात. त्यावर मिलिमीटरचा 'जवळजवळ बसणारा' पाना चढवला, की तो जवळजवळ नक्कीच घसरतो.

आता जोराचा हिशेब पाहू. सहा मिलिमीटर जाडीच्या साध्या बोल्टला आवळायला साधारण १ किलो-मीटर एवढा पीळ पुरतो; म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला ५ किलोचा जोर. आठ मिलिमीटरच्या बोल्टला २ ते अडीच किलो-मीटर लागतो. आणि हाच आठ मिलिमीटरचा, ८.८ दर्जाचा बोल्ट साडेतीन किलो-मीटरच्या आसपास मुरगळून तुटण्याच्या हद्दीत येतो. आता पान्याला पाईप घालून तो ६० सेंटिमीटर केला आणि टोकाला ३० किलोचा जोर दिला, तर पीळ होतो १८ किलो-मीटर. बोल्ट ज्या पिळाला तुटतो त्याच्या पाचपट! पाईप लावल्यावर नट सुटला तर ते नशीब; बोल्ट तुटला तर तो हिशेब.

जोर लावायचा तो असा: आधी नट किंचित आवळण्याच्या दिशेने ढकलावा. नुसता 'टक्' असा आवाज आला तरी गंजाची पकड सुटली असे समजावे. मग सोडण्याच्या दिशेने पाव फेरा. पुन्हा थोडा मागे. तेल. पुन्हा पुढे. सुटू लागलेला नट एका दमात काढण्याचा मोह आवरावा; सुटलेली भुकटी पुढच्या आट्यांत गोळा होऊन तो मध्येच पुन्हा जाम होतो, आणि बहुतेक स्टड अशा मधल्या वाटेवरच मोडतात. पान्याला हात 'स्प्रिंगसारखा' लागू लागला, म्हणजे नट न फिरता नुसता दबून परत येऊ लागला, की थांबावे. तो बोल्ट पिळला जात असल्याचा इशारा असतो.

बाजूच्या कव्हरच्या स्क्रूंची गोष्ट वेगळी. जुन्या जावावर सरळ खाचेचे स्क्रू येतात, जपानी बनावटीच्या गाड्यांवर क्रॉस खाचेचे. जपानी क्रॉस हा साध्या फिलिप्स क्रॉसपेक्षा थोडा वेगळा असतो. साधा स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण खाली बसत नाही, वर चढतो आणि खाच चाटून टाकतो. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर घेतला, किंवा हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरला, तर तेच स्क्रू निमूट सुटतात. या अवजाराचा प्रत्येक ठोका स्क्रूला आत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो. त्यामुळे खाच वाचते. ठोकताना केसला खालून नीट आधार असावा.

आच : औषधही, जहरही

तेलाने काम झाले नाही तर आच. तिचे गणित असे: तापल्यावर ॲल्युमिनियम हे पोलादाच्या सुमारे दुपटीने फुगते. आठ मिलिमीटरचा स्टड असलेली केस १५० अंशांनी तापली, तर केसमधले भोक स्टडपेक्षा साधारण एक शतांश मिलिमीटरने जास्त मोठे होते. आकडा केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान आहे. पण भुकटीची पकड तडकायला तेवढा पुरतो. म्हणून आच स्टडला नव्हे, त्याच्या भोवतीच्या केसला द्यायची. लोखंडी नट लोखंडी बोल्टवर असेल तर आच नटाला द्यायची, बोल्टला नाही. नियम एकच: बाहेरचा भाग फुगला पाहिजे.

धोका असा, की लोखंड तापल्यावर लाल होऊन आपल्याला सावध करते. ॲल्युमिनियम लाल होत नाही. ते ६६० अंशांना वितळते, त्याचे मिश्रधातू त्याआधीच ढासळू लागतात, आणि रंग मात्र तसाच राहतो. गॅस कटरची तीक्ष्ण ज्योत केसवर धरणे म्हणूनच धोक्याचे. हॉट एअर गन किंवा मऊ पसरट ज्योत बरी, ती सतत फिरती ठेवावी. अंदाजासाठी केसवर पाण्याचा थेंब टाकावा: तो चुरचुरून उडाला की शंभरच्या पुढे गेलो, पुरे. जवळच साबणाची रेघ ओढून ठेवावी. ती तपकिरी पडू लागली तर आच फार झाली, ताबडतोब दूर करावी.

तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. हा जुना तोडगा आजही उत्तम आहे. पुष्कळदा एकदा तापवून भागत नाही. तापवणे, थंड होऊ देणे, पुन्हा तापवणे, असे दोन-तीन वेळा करावे लागते. तापलेल्या बिडावर थंड पाणी मात्र कधीही ओतू नये, ब्लॉकला तडा जातो. आणि हे सांगावेच लागते: आच लावण्याआधी पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर काढून दूर ठेवावेत, सांडलेले तेल पुसावे, दार उघडे ठेवावे, वाळूची बादली हाताशी असावी. शागिर्द लहान वयाचा असेल तर हे काम त्याच्यावर सोडू नये.

येझदीच्या बेंड पाईपची नट

सर्वांत जास्त नुकसान कुठे होते असे विचारले तर जुन्या जावा-येझदीचे नाव पुढे येईल. या गाडीच्या एका सिलिंडरला दोन बेंड पाईप असतात आणि प्रत्येक पाईप एका गोल, खाचा असलेल्या नटने ब्लॉकच्या तोंडाशी आवळलेला असतो. तिला हुकाचा पाना लागतो. तो पाना सर्वांकडे नसतो, छन्नी आणि हातोडा मात्र असतो. मग खाचेत छन्नी लावून ठोकतात. नटच्या खाचा तुटतात, ती आणखी वाकडी होऊन रुतते, आणि शेवटी ब्लॉकचे आटेच घेऊन बाहेर येते.

इथे बरोबर वाट अशी. इंजिन चालू होत असेल तर काही मिनिटे चालवून गरम करावे, बंद करावे. ब्लॉक पूर्ण थंड झाल्यावर तेल सोडून रात्र जाऊ द्यावी. सकाळी नटला चहूबाजूंनी आच द्यावी, पितळेच्या दांड्याने सभोवार ठोके द्यावेत, आणि हुकाच्या पान्याने मागे-पुढे हलवावी. हुकाचा पाना नसेल तर नटच्या मापाचा लोखंडी पट्टीतून करून घ्यावा. एकदा केला की आयुष्यभर पुरतो.

एवढे करूनही ती हलली नाही तर? तर नटच कापावी. आट्यांपर्यंत पोचणार नाही एवढी चीर करवतीने द्यावी आणि त्या चिरेत छन्नी फिरवून ती तडकवावी. नट खरादवर नवी करून मिळते. ब्लॉकचे आटे मिळत नाहीत. दोन भागांपैकी एकाचा जीव जाणारच असेल, तर स्वस्त भागाचा जाऊ द्यावा. हा नियम बेंड पाईपपुरता नाही, सगळ्या इंजिनाला लागू आहे.

प्लगचेही तसेच. हेड ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा, आटे चौदा मिलिमीटरचे. जाम प्लग पहिल्या झटक्यात पूर्ण काढू नये. हात लावता येईल इतके कोमट हेड असताना पाव फेरा सोडवून तेल घालावे, पुन्हा आवळावा, पुन्हा सोडवावा. शेवटचे आटे जड लागले तर तिथेच थांबून तेलाला वेळ द्यावा.

तुटलाच तर

सगळे नीट करूनही स्टड कधी तुटतो. तेव्हा डोके शांत ठेवणे हाच पहिला इलाज. स्टडचा तुकडा वर उभा असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाला पाना लावावा. तुकडा लहान असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्यावे. वेल्डिंगच्या आचेनेच पकड सुटते आणि बहुधा तो तुकडा सरळ फिरून येतो. आत तुटला असेल तर मधोमध पंच मारून बारीक ड्रिल करावे. उलट्या फिरकीचे ड्रिल मिळाले तर उत्तम. कित्येकदा ड्रिल करतानाच तुकडा सुटून वर येतो.

'ईझी-आऊट' नावाचे अवजार मात्र जपून वापरावे. ते अतिशय कडक पोलादाचे असते. जो तुकडा जाड स्टडने सुटला नाही तो त्याच्या आत घातलेल्या बारीक अवजाराने सुटेल, ही आशा बहुतेक वेळा खोटी ठरते. ते आत मोडले तर साध्या ड्रिलने निघत नाही. मग टूल-रूममधल्या स्पार्क इरोजन मशीनचीच वाट धरावी लागते.

मोडलेला टॅप किंवा ड्रिल ॲल्युमिनियमच्या सुट्या भागात अडकले असेल, तर आणखी एक इलाज आहे, आणि तो आपल्या रंगाऱ्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या आहे: तुरटी. कापडावर रंग पक्का करायला जी तुरटी वापरतात तीच. कडक गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवून त्यात तो भाग बुडवून ठेवावा. तुरटीचे पाणी पोलाद हळूहळू खाते, ॲल्युमिनियमला जवळजवळ हात लावत नाही. बुडबुडे येत राहतात, तुकडा काळा पडून झिजत जातो. याला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. पाणी गरम ठेवावे लागते. अट एवढीच, की त्या भागात बेअरिंग, बुश, स्टड असे दुसरे काही पोलादी नसावे, नाहीतर तेही जाईल. भांडे काचेचे किंवा एनॅमलचे असावे, स्वयंपाकाचे नसावे. हवा खेळती असावी. शेवटी भाग स्वच्छ पाण्याने धुऊन तेल लावावे.

आटे गेलेच तर भोक मोठे करून जाडा बोल्ट घालण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. स्टीलच्या तारेचे स्प्रिंगसारखे आटे, ज्यांना हेलिकॉइल म्हणतात, ते बसवले तर मूळ मापाचाच बोल्ट राहतो आणि नव्या आट्यांची पकड मऊ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा चांगली असते. त्याचा टॅप खास असतो. तो संच घेऊन ठेवला तर दुसऱ्या गॅरेजवाल्यांचे कामही मिळते.

परत बसवताना

आज आपण जो नट बसवतो तो उद्या कोणीतरी सोडवणार आहे, कदाचित आपणच. म्हणून आटे साफ करून, सायलेन्सरच्या बाजूला तांब्याचे ग्रीस आणि केसमधल्या स्टडला अँटी-सीझ लावून मगच बसवावे. ग्रीस लावलेला नट कमी जोरात तेवढाच आवळला जातो, हे ध्यानात ठेवून हात थोडा हलका ठेवावा. प्रत्येक नट आधी दोन-तीन फेरे बोटांनी फिरवावा. बोटांनी चढला नाही तर आटे तिरके आहेत, पाना लावू नये. स्टड आतून चांगला असेल तर तो केवळ नवा दिसावा म्हणून काढण्याच्या फंदात पडू नये.

गिऱ्हाईकाशी आधी बोला

आता शेवटचा आणि सर्वांत नाजूक मुद्दा. स्टड मोडला तर भरपाई कोणाची? गिऱ्हाईक म्हणते, मी गाडी चांगली दिली होती. मिस्त्री म्हणतो, आटे आधीच गेलेले होते. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, आणि वर्षानुवर्षांचा संबंध एका मोडक्या बोल्टपायी तुटतो.

याचा इलाज अवजारात नाही, जबानीत आहे. गाडी घेतानाच गिऱ्हाईकाला जवळ बोलावून गंजलेले नट, चाटलेले स्क्रू, आधी कोणी छन्नी मारलेल्या जागा बोटाने दाखवाव्यात. आता तर खिशात फोन आहे. त्याच्यासमोर चार फोटो काढावेत. साध्या वहीत लिहावे: "अमुक तीन ठिकाणी आटे जाम, तुटण्याची शक्यता, तुटल्यास आटे नवे करण्याची मजुरी वेगळी." त्यावर दोघांची सही. आणि वेळ खरी सांगावी. गिऱ्हाईक म्हणेल, "चाचा, संध्याकाळपर्यंत द्या ना." तेव्हा "बघतो बेटा" असे मोघम उत्तर देऊ नये. "दोन रात्री तेलात राहील, तिसऱ्या दिवशी उघडेन, घाई केली तर तुझी केस फुटेल आणि नंबरची झंझट तुझ्या माथी येईल," असे साफ सांगावे. बहुतेक शहाणी माणसे हे ऐकून घेतात. जो ऐकत नाही, त्याचे काम न घेणे हाही धंद्यातला नफाच आहे.

त्या दोन रात्रींचे पैसेही मागावेत, संकोच करू नये. आपले कारागीर हाताच्या मेहनतीचे दाम मागतात, पण जपून केलेल्या कामाचे मागत नाहीत. म्हणून ज्याने तोडफोड करून अर्ध्या तासात काम 'संपवले' तो स्वस्त वाटतो. मोडलेले सगळ्यांना दिसते, वाचवलेले कोणाला दिसत नाही. ते दाखवून देणे मिस्त्रीच्याच हाती आहे. काम झाल्यावर शाबूत निघालेले जुने नट-स्टड एका पुडीत बांधून बिलासोबत गिऱ्हाईकाच्या हाती द्यावेत आणि सांगावे, की एकही मोडला नाही. पुढच्या वेळी तो भाव करायला नाही, गाडी द्यायला येईल. आणि येताना आणखी एकाला घेऊन येईल.